चालू मशीनवर केलेला पीएलसीचा बदल परत परत का नाहीसा होतो?

तक्रार साधारण अशी असते. मशीन चालू असतानाच लॅपटॉप जोडून पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या, प्रोग्रॅममध्ये बदल केला, म्हणजे ऑनलाईन एडिट केलं. अडचण सुटली, लाईन सुरळीत चालू लागली. काही आठवड्यांनी वीज गेली किंवा कामासाठी पॅनेल बंद केलं, आणि सुरू केल्यावर जुनी अडचण पुन्हा हजर. परत लॅपटॉप, परत तोच बदल. असं दोन-तीनदा झालं की पीएलसीच खराब आहे असं ठरतं आणि नव्या सीपीयूची (पीएलसीच्या मुख्य मॉड्यूलची) मागणी जाते. बहुतेक वेळा त्या सीपीयूत काहीही बिघाड नसतो.

दुसरी तक्रार वेगळी वाटते. बदल लागू होतो त्याच क्षणी एखादा सिलिंडर पुढे येतो, पंप सुरू होतो, किंवा लॅडरमधली, म्हणजे ओळींच्या आकृतीत लिहिलेल्या प्रोग्रॅममधली, ओळ काढून टाकली तरी तिचं आउटपुट चालूच राहतं.

दोन्हींचं मूळ एकच आहे. ऑनलाईन एडिट कंट्रोलरच्या चालत्या मेमरीतलं लॉजिक बदलतं आणि तिथेच थांबतं. वीज परत आल्यावर जी कायमची प्रत वाचली जाते ती जुनीच राहू शकते. कपाटातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरची फाइल तर जुनीच असते. आणि जुन्या लॉजिकने बिट, टायमर, काउंटर यांत ठेवलेल्या किमतीही जागच्या हलत नाहीत. कुठलाही ब्रँड असो, शोध घेताना प्रश्न हाच ठेवायचा: लॉजिक बदललं, पण मागे काय जुनं राहिलं?

बदल नाहीसा झाला, पण नेमका केव्हा?

प्रोग्रॅम उघडण्याआधी हे विचारून घ्या. वीज जाऊन आल्यावर बदल गेला, की कुणीतरी लॅपटॉप जोडल्यावर? या एका उत्तराने अर्धा शोध संपतो. शिफ्टच्या लोकांना बसवून विचारा, पॅनेलजवळची नोंदवही बघा, कंट्रोलरच्या डायग्नोस्टिक बफरमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) रन-स्टॉपच्या वेळा मिळतात का ते पाहा.

वीज गेल्यावर बदल गेला असेल तर कायमची प्रत तपासायची. रॉकवेलच्या लॉजिक्स कंट्रोलरमध्ये मेमरी कार्डवर प्रोग्रॅमची प्रतिमा ठेवता येते आणि ती केव्हा उचलायची याची एक सेटिंग असते: ऑन पॉवर अप (वीज येताच), ऑन करप्ट मेमरी (मेमरीतला प्रोग्रॅम बिघडला तर) किंवा यूझर इनिशिएटेड (माणसाने सांगितल्यावर). सेटिंग ऑन पॉवर अप असेल, तर वीज येताच कार्डवरची प्रतिमा चालत्या प्रोग्रॅमवर चढते. ती प्रतिमा मशीन बसवताना साठवलेली असेल, तर नंतरचा प्रत्येक ऑनलाईन बदल त्या क्षणी पुसला जातो. कंट्रोलर अगदी सांगितल्याप्रमाणे वागत असतो. उपाय दोन आहेत: बदलानंतर प्रतिमा नव्याने साठवणं, किंवा सेटिंग ऑन करप्ट मेमरी करणं. मेख अशी की प्रतिमा साठवण्यासाठी कंट्रोलर प्रोग्रॅम मोडमध्ये न्यावा लागतो. म्हणजे चालू मशीनवर केलेला बदल कायम करायला मशीन थांबवावंच लागतं. इथेच काम अर्धवट सुटतं. बदल करणारा निघून जातो, पुढचा शटडाऊन येतो, आणि प्रतिमा साठवायची राहिली आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं.

कोडेसिस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कंट्रोलरमध्ये हीच गोष्ट बूट ॲप्लिकेशनच्या, म्हणजे सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या प्रतीच्या, रूपात दिसते. ऑनलाईन चेंज केल्यावर चालतं ॲप्लिकेशन बदलतं, पण बूट ॲप्लिकेशन आपोआप नवं होतं की नाही हे प्रोजेक्टमधल्या सेटिंगवर अवलंबून असतं. ती बंद असेल तर रीस्टार्टनंतर जुना प्रोग्रॅम उठतो. बेकहॉफच्या ट्विनकॅटमध्येही ऑनलाईन चेंजच्या वेळी बूट प्रोजेक्ट अद्ययावत करायचा पर्याय समोर येतो. घाईत ती खूण नजरेतून निसटते. सीमेन्सच्या जुन्या पिढीत रॅममधून (चालत्या मेमरीतून) रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) प्रत उतरवण्याची वेगळी आज्ञा आहे. एस७-४०० मध्ये फ्लॅश कार्ड असेल आणि बॅकअप बॅटरी संपली असेल, तर वीज आल्यावर कार्डवरचाच प्रोग्रॅम चालू होतो. अशा पॅनेलवर बॅटरीचा इशारा देणारा दिवा लागलेला दिसला तर आधी बॅटरी बदला, तीही पुरवठा चालू ठेवून. ओमरॉनच्या सीजे आणि सीपी मालिकेत बीकेयूपी नावाचा दिवा असतो. प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये उतरत असताना तो लागतो, आणि तो विझेपर्यंत वीज बंद करायची नाही.

लॅपटॉप जोडल्यावर बदल गेला असेल तर कारण जवळजवळ नेहमी एकच: जुनी फाइल डाउनलोड झाली, म्हणजे लॅपटॉपवरून कंट्रोलरमध्ये गेली. एकाने ऑनलाईन बदल केला आणि स्वतःच्या लॅपटॉपवर सेव्ह केला. दुसऱ्याकडे महिन्यापूर्वीची फाइल होती, त्याला भलतंच काही दुरुस्त करायचं होतं, सॉफ्टवेअरने फरक असल्याचं सांगितलं आणि त्याने डाउनलोड केलं. पहिल्याचा बदल गेला आणि दुसऱ्याला ते कळलंही नाही. म्हणून जोडल्यावर पहिलं काम तुलना. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये ऑनलाईन गेल्यावर प्रत्येक ब्लॉकपुढे खूण येते: हिरवी असेल तर दोन्हीकडे सारखं, निळी-नारिंगी असेल तर फरक. लॉजिक्समध्ये कंट्रोलरमधून अपलोड केलेली फाइल आणि हातातली फाइल कंपेअर टूलने ताडून पाहता येते. फरक दिसला तर डाउनलोडला हात लावायचा नाही. आधी अपलोड, मग चौकशी.

याच ठिकाणी याहून मोठं नुकसान होऊ शकतं. लॉजिक्समध्ये डाउनलोडबरोबर टॅगच्या (प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या चलांच्या) किमतीही जातात, आणि त्या फाइलमध्ये साठवलेल्या जुन्या किमती असतात. ऑपरेटरने महिनाभर एचएमआयवरून (मशीनच्या पडद्यावरून) बारकाईने बसवलेले सेटपॉइंट, रेसिपी (मालानुसार ठरवलेले किमतींचे संच), लोडसेलचं कॅलिब्रेशन, तासांचे मोजमाप, सगळं एका क्षणात मागे जातं. लॉजिकमधली चूक लगेच दिसते, कारण मशीन अडतं. किमती मागे गेल्या तर मशीन चालत राहतं, फक्त माल बिघडतो, आणि कारण शोधायला आठवडा जातो. सीमेन्समध्ये हेच डेटा ब्लॉकच्या, म्हणजे किमती साठवणाऱ्या ब्लॉकच्या, बाबतीत होतं. ब्लॉकच्या रचनेत नवा चल घातला की तो ब्लॉक पुन्हा लोड करावा लागतो आणि आतल्या किमती सुरुवातीच्या किमतींवर येतात. एस७-१५०० मध्ये यासाठी राखीव जागेची सोय आहे. ब्लॉकमध्ये ती मूळची १०० बाइट असते, आणि ती वापरून घातलेले नवे चल बाकीच्या किमतींना धक्का लावत नाहीत. सॉफ्टवेअर रीइनिशियलायझेशनचा (किमती सुरुवातीला नेण्याचा) इशारा देत असेल तर तिथेच थांबा. आधी चालत्या किमतींचा स्नॅपशॉट घ्या, त्या सुरुवातीच्या किमतींमध्ये उतरवा, मग पुढचं.

प्रोग्रॅम नवाच आहे, तरी वागणूक जुनी

हा प्रकार चकवणारा आहे. तुलना केली, प्रोग्रॅम तंतोतंत नवा, तरी वीज आली की जुनी वागणूक. मग किंमत दुसरं कुणीतरी लिहितंय. सर्वांत आधी पहिल्या स्कॅनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या पहिल्या फेरीला, चालणारा भाग बघा: सीमेन्समध्ये सुरुवातीचा ब्लॉक ओबी१००, लॉजिक्समध्ये पहिल्या स्कॅनच्या बिटवर चालणारी ओळ किंवा पॉवर-अपचं रूटीन. तिथे टायमरची मुदत किंवा वेगाची मर्यादा ठोकून लिहिलेली असेल, तर तुम्ही ऑनलाईन बदललेली किंमत फक्त पुढच्या सुरुवातीपर्यंतच टिकणार. त्यानंतर एचएमआय किंवा स्काडाची (देखरेखीच्या संगणकाची) रेसिपी बघा. बॅच सुरू होताना ती जुनी किंमत परत ढकलत असेल, तर प्रोग्रॅममध्ये कितीही वेळा बदल करून उपयोग नाही, रेसिपीच दुरुस्त करायला हवी. त्या टॅगचा क्रॉस रेफरन्स (तो कुठे कुठे वापरला आहे त्याची यादी) काढला की प्रोग्रॅममधली लिहिणारी जागा सापडते. क्रॉस रेफरन्समध्ये एकही लिहिणारी जागा नाही आणि किंमत तरी बदलते, तर ती बहुधा बाहेरून येते.

बदल लागताच आउटपुट चालू झालं, किंवा चालूच राहिलं

इथे सविस्तर लिहिणं गरजेचं आहे, कारण इथल्या चुकीने माणूस जखमी होऊ शकतो.

आधी अडकलेलं आउटपुट. लॅडरमधली कॉइल (ओळीच्या शेवटी आउटपुटचा बिट लिहिणारी खूण) स्वतःहून बंद होत नाही. तिची ओळ स्कॅन झाली आणि अट खोटी ठरली, तरच त्या बिटमध्ये शून्य लिहिलं जातं. आउटपुट चालू असताना ती ओळच काढली, तर शून्य लिहिणारं कुणी उरत नाही. बिट एकवरच राहतो आणि मोटर फिरत राहते. ओळीतला आउटपुटचा पत्ता बदलला तरी हेच होतं: नवा पत्ता नीट चालतो, जुना मागे तसाच चालू राहतो. सबरूटीनची हाक काढली, किंवा उडी घालून एखादा भाग वगळला, तरी त्या भागातल्या सगळ्या कॉइल शेवटच्या स्थितीत गोठतात. मग लोक थेट आउटपुट कार्डावर संशय घेतात, कारण प्रोग्रॅममध्ये ती कॉइल शोधूनही सापडत नाही. ती सापडत नाही हाच पुरावा आहे.

यावरचा उपाय म्हणजे ओळ दोन टप्प्यांत काढणं. आधी त्या ओळीत कायम खोटी राहणारी एक अट घाला आणि लागू करा. स्कॅन होऊ द्या, बिट शून्य झाला हे पडद्यावर पाहा, आउटपुट कार्डाचा दिवा विझला हे प्रत्यक्ष पाहा. मगच ओळ काढा. सेट-रीसेट किंवा लॅच पद्धतीचं आउटपुट असेल तर एवढ्याने भागत नाही. तिथे अट खोटी झाली तरी बिट तसाच राहतो, त्याला रीसेटच करावं लागतं.

आता अचानक उडणारं आउटपुट. यात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे कडा ओळखणारी सूचना, म्हणजे वन शॉट. सिग्नल शून्यावरून एक झाला हे तिला कळतं, कारण मागच्या स्कॅनची स्थिती ती एका साठवणीच्या बिटमध्ये ठेवते. लॉजिक्समध्ये कंट्रोलर प्रोग्रॅममधून रनमध्ये जातो तेव्हा प्रीस्कॅन होतो, आणि त्यात हे बिट असे बसवले जातात की सुरुवातीलाच खोटी कडा दिसू नये. ऑनलाईन एडिटच्या वेळी प्रीस्कॅन होत नाही. नव्या सूचनेचा साठवणीचा बिट शून्य असतो. सेन्सर आधीपासूनच चालू असेल, तर सूचनेच्या दृष्टीने ती ताजी कडा ठरते आणि पुढचं पाऊल त्याच स्कॅनमध्ये उचललं जातं. क्रम एका पावलाने सरकतो, काउंटर एकाने वाढतो, क्लॅम्प उघडतो. लोक म्हणतात की एडिट करताना मशीनने एकदा झटका दिला आणि मग नीट चाललं. तो झटका हाच.

म्हणून नवी कडा कधीही थेट खऱ्या आउटपुटला जोडू नये असं माझं ठाम मत आहे. आधी ती ओळ एका रिकाम्या बिटवर संपवा. लागू करा, काही सायकल चालू द्या, कडा बरोबर वेळी येते का पाहा. तोवर साठवणीचा बिटही खऱ्या स्थितीला आलेला असतो. त्यानंतर दुसऱ्या एडिटमध्ये तो रिकामा बिट खऱ्या लॉजिकला जोडा. यात दहा मिनिटं जास्त जातात. प्रॉडक्शनचा माणूस मागे उभा राहून घाई करत असला तरी ती द्यायची.

टायमरचंही असंच. नव्या टायमरची मुदत भरायची राहिली तर ती शून्य असते, आणि लॉजिक्समध्ये शून्य मुदतीचा टायमर अट खरी असताना लगेच पूर्ण होतो. त्याच्यामागे जे काही असेल ते लगेच चालतं. मुदत आधी भरा, मग ओळ स्वीकारा. नव्या तुलनेत वापरलेला नवा टॅगही शून्यावर असतो हे त्याच वेळी लक्षात घ्या. 'पातळी मर्यादेपेक्षा जास्त' या अटीत मर्यादाच शून्य असेल, तर अट क्षणात खरी.

एडिट केलं आणि सीपीयूच थांबला

एस७-३०० आणि एस७-४०० मध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे लोड करण्याचा उलटा क्रम. ओबी१ मध्ये (दर फेरीला चालणाऱ्या मुख्य ब्लॉकमध्ये) नव्या ब्लॉकची हाक लिहिली, ओबी१ आधी लोड केला, आणि ज्याला हाक मारली तो ब्लॉक अजून लॅपटॉपवरच. सीपीयूला तो सापडत नाही आणि तो प्रोग्रॅमिंगची चूक म्हणून ओबी१२१ हा चूक हाताळणारा ब्लॉक शोधतो. ओबी१२१ नसेल तर थेट स्टॉप. ज्याला हाक मारायची तो ब्लॉक आधी, हाक मारणारा नंतर, हा क्रम पाळा. ब्लॉकला स्वतःचा डेटा ब्लॉक लागत असेल तर तो त्याच्याही आधी. काढताना क्रम उलटा: आधी हाक काढायची, मग ब्लॉक.

लॉजिक्समध्ये अशा थांबण्यामागे बहुधा ॲरेचा (किमतींच्या क्रमवार यादीचा) निर्देशांक असतो. नव्या ओळीत निर्देशांक म्हणून वापरलेली किंमत ॲरेच्या बाहेर गेली की मेजर फॉल्ट येतो, टाइप ४, कोड २०, आणि फॉल्ट रूटीनने तो सांभाळला नसेल तर कंट्रोलर थांबतो. निर्देशांक वापरण्याआधी त्याला वरची-खालची मर्यादा घालणारी ओळ हवीच. फिरती लूप घातली असेल तर वॉचडॉगही (एका फेरीला लागणाऱ्या वेळेची मर्यादा) बघा. लॉजिक्समध्ये टास्कचा वॉचडॉग मूळचा ५०० मिलिसेकंद असतो, सीमेन्सच्या एस७-३००, ४०० आणि १५०० मध्ये सायकलची मूळ मर्यादा १५० मिलिसेकंद. एरवी ४० मिलिसेकंदात संपणारा प्रोग्रॅम लूप बाहेर पडण्याची अट चुकली की एका सायकलमध्ये मर्यादा ओलांडतो. वॉचडॉग वाढवणं हा इथे उपाय नाही, त्याने फक्त चूक उशिरा दिसते.

कोडेसिसमध्ये पॉइंटर (दुसऱ्या चलाचा मेमरीतला पत्ता ठेवणारे चल) वापरले असतील तर वेगळीच काळजी. ऑनलाईन चेंजमध्ये चलांच्या मेमरीतल्या जागा हलू शकतात. सुरुवातीला एकदाच पत्ता घेऊन ठेवलेला पॉइंटर त्यानंतर भलत्याच जागेवर लिहू लागतो. पॉइंटरचा पत्ता दर सायकलला नव्याने घेतला की हा धोका राहत नाही. अशा प्रोग्रॅमवर ऑनलाईन चेंज करण्याआधी कोडमध्ये सगळे पॉइंटर शोधून बघा.

मागे फिरण्याचा रस्ता, आणि त्याची हद्द

लॉजिक्समध्ये एडिट स्वीकारल्यावर टेस्टमध्ये घालता येतं, पटलं नाही तर अनटेस्ट करता येतं, आणि पटलं की असेंबल करून जुनी ओळ काढून टाकता येते. फायनलाइज ऑल एडिट्स हे बटण या सगळ्या पायऱ्या एका झटक्यात ओलांडतं. सोपं आहे म्हणून बरेच जण तेच दाबतात. चालत्या मशीनवर मी त्याच्या बाजूने नाही, कारण जुनी ओळ हाताशी असणं हाच तिथे एकमेव आधार असतो. पण अनटेस्टवरही फार भिस्त ठेवू नका. त्याने लॉजिक परत येतं, स्थिती परत येत नाही. टेस्टमध्ये असताना लॅच झालेला बिट लॅचच राहतो, पुढे सरकलेलं पाऊल सरकलेलंच राहतं, उघडलेल्या व्हॉल्व्हमधून गेलेला माल गेलेलाच असतो. आणि एडिट टेस्टमध्येच सोडून जाऊ नका. पुढचा माणूस अर्धवट एडिट पाहून ते रद्द करतो आणि तक्रार पुन्हा पहिल्या पानावर येते.

काही बदल चालू मशीनवर करायचेच नाहीत. सेफ्टी प्रोग्रॅम त्यात पहिला. रॉकवेलच्या गार्डलॉजिक्स या सेफ्टी कंट्रोलरमध्ये सेफ्टी सिग्नेचर तयार केलेली असेल तर सेफ्टी टास्क ऑनलाईन बदलताच येत नाही, आणि ते योग्यच आहे. साधा इंटरलॉक (असुरक्षित हालचाल अडवणारी अट) दोन मिनिटांसाठी बायपास करायची विनंतीही याच जातीची. तो बायपास कुणी, कुणाच्या परवानगीने, किती वेळासाठी घातला हे कागदावर येणार नसेल तर घालू नका. क्रमाच्या मधल्या पावलावर उभ्या असलेल्या मशीनवर क्रमच बदलणं हाही त्यातलाच प्रकार. सायकल पूर्ण होऊ द्या, मशीन होम स्थितीला येऊ द्या. आणि गार्डच्या आत कुणी काम करत असेल, तर प्रोग्रॅममधून थांबवलेलं मशीन थांबलेलं समजायचं नाही. ऊर्जा तोडून कुलूप लावलेलं असेल तरच ते थांबलेलं. एडिट लागू करताना मशीन नजरेसमोर असलेला, आपत्कालीन बटणाजवळ उभा असलेला आणि तुमच्याशी बोलत असलेला एक माणूस हवा. दुसऱ्या खोलीतून किंवा व्हीपीएनवरून काम करत असाल तर तो असल्याशिवाय बटण दाबू नका.

दुरुस्ती पक्की झाली हे कसं ठरवायचं

बदल चालतोय एवढ्याने दुरुस्ती झाली असं धरू नका. अपलोड करून फाइल टॅगच्या चालत्या किमतींसह सेव्ह करा, नावात तारीख आणि वेळ घाला, आणि जुन्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे त्या चुकून उघडल्या जाणार नाहीत. तपासणीसाठी घातलेले फोर्स (हाताने लादलेल्या किमती) काढले का ते बघा, कारण फोर्स राहिला असेल तर नवं लॉजिक बरोबर आहे की फोर्सच ते बरोबर दाखवतोय हे कळत नाही. कायमची प्रत साठवायला मशीन थांबवावं लागणार असेल तर पॅनेलच्या दारावर आतून चिठ्ठी चिकटवा: काय बदललं, केव्हा, आणि प्रत साठवणं बाकी आहे. शटडाऊनच्या यादीतही ते काम घाला.

शटडाऊनमध्ये प्रत साठवून झाल्यावर मुद्दाम वीज बंद करा आणि चालू करा. मेन्टेनन्सची माणसं जागेवर असताना, मशीन रिकामं असताना. कंट्रोलर रनमध्ये आला की प्रोग्रॅमची तुलना सेव्ह केलेल्या फाइलशी करा आणि बदललेल्या किमती एकेक वाचा. प्रोग्रॅम जुना आला तर कायमच्या प्रतीत चूक आहे. प्रोग्रॅम नवा पण किमती जुन्या आल्या तर पहिल्या स्कॅनचा भाग किंवा रेसिपी बघायची. दोन्ही नवे आले आणि बदल तरीही पुढच्या महिन्यात गेला, तर जुनी फाइल असलेला एखादा लॅपटॉप अजून कुठेतरी वापरात आहे. तो शोधून त्यावरची फाइल बदला.